बँड म्यूटेशनचा नव्हताच

जेलवर, म्हणजे प्रोटीन्स वजनाप्रमाणे वेगळी करायच्या थरावर, दुसरा बँड, म्हणजे दुसरी रेघ, दिसला तेव्हा आम्ही खूश झालो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचे चार महिने जे लांबले ते त्या खुशीपायीच लांबले.

लॅब पुण्यातली, नाव सांगत बसत नाही. मॅडम, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आलेला मी, प्रोजेक्टला आलेली एमएस्सीची एक मुलगी आणि ऑटोक्लेव्ह सांभाळणारे काका, एवढीच माणसं. काम अल्फा-सिन्यूक्लिनवर. हे माणसाच्या मेंदूतलं १४० अमिनो ॲसिडचं छोटं प्रोटीन, पार्किन्सन्समधे चेतापेशींत ज्या गुठळ्या सापडतात, लेवी बॉडी म्हणतात त्यांना, त्यात मुख्य माल हाच. १९९७ मधे इटलीतल्या एका मोठ्या कुटुंबात, जिथे पार्किन्सन्स पिढ्यानपिढ्या चालत आला होता, या प्रोटीनच्या जीनमधे एक अक्षर बदललेलं सापडलं. डीएनएची तीन-तीन अक्षरं एकेक अमिनो ॲसिड ठरवतात, त्या तिकडीला कोडॉन म्हणतात. इथे जीसीए च्या जागी एसीए, म्हणजे ५३ नंबरच्या जागेवर अलानिन असायचं तिथे थ्रिओनिन. अशा बदलाला म्यूटेशन म्हणतात आणि याला सगळे ए५३टी म्हणतात. गंमत अशी की उंदराच्या प्रोटीनमधे ५३ वर मुळातच थ्रिओनिन असतं आणि उंदीर बिचारा मजेत फिरतो, पण माणसात तोच बदल झाला की प्रोटीन लवकर गोळा व्हायला लागतं.

आता हे प्रोटीन माणसाच्या मेंदूतून काढणार कसं, म्हणून सगळं जग ते बॅक्टेरियाकडून बनवून घेतं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची गोल रिंग, त्यात आपला जीन बसवायचा, जीनच्या आधी टी७ प्रमोटर, म्हणजे जीन चालू करायचं बटण, आणि जोडीला अँपिसिलिन पचवायचा जीन, म्हणजे अँपिसिलिन घातलेल्या मिडियात ज्याच्याकडे रिंग आहे तोच जगतो. ही रिंग ई. कोलायच्या बीएल२१ डीई३ या जातीत घालायची, या जातीकडे ते बटण दाबणारं टी७ चं पॉलिमरेज असतं पण ते झोपवून ठेवलेलं असतं, आयपीटीजी नावाचं रसायन टाकलं की जागं होतं आणि मग बॅक्टेरिया स्वतःची कामं सोडून आपलं प्रोटीन बनवत बसतो. माझ्या आत्याला मी हे एकदा असंच उत्साहात सांगितलं तर तिने वाटी खाली ठेवून विचारलं, "म्हणजे तू पार्किन्सनचे जंतू तयार करतोस का रे?" तर नाही. हे लॅबमधे लाडावलेले जंतू आहेत, प्रोटीन बनवून दिलं म्हणून ते रोग पसरवत नाहीत, शिवाय १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेत जैवसुरक्षा समिती असते, कुठला जीन कुठल्या रिंगेत घातला याची तिच्याकडे नोंद जाते आणि काम संपलं की काका सगळा कल्चर १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह करून टाकतात. आत्याला पटलं की नाही माहीत नाही, पण त्या दिवशी तिने मला वेगळ्या टॉवेलला हात पुसायला लावले.

तर प्रकरणाची मेख इथे आहे. आमच्याकडे दोन प्लाझ्मिड होती. साधं, म्हणजे म्यूटेशन नसलेलं, ते आमच्या आधीच्या सीनियरने सिंथेटिक जीन म्हणून ऑर्डर देऊन बनवून घेतलेलं, त्यात कोडॉन ई. कोलायच्या सवयीप्रमाणे बदलून घेतलेले, एकाच अमिनो ॲसिडला बहुधा एकाहून जास्त कोडॉन चालतात म्हणून. आणि ए५३टी वालं दुसऱ्या एका ग्रुपकडून आलेलं, त्यांनी ते माणसाच्या सीडीएनएवरून, म्हणजे पेशीतल्या आरएनएवरून उतरवलेल्या डीएनएवरून, तयार केलेलं, कोडॉन माणसाचे जसेच्या तसे. दोन्ही पेट व्हेक्टर नावाच्या रिंगेत, दोन्ही अँपिसिलिनवाली, दोन्हींचं प्रोटीन कागदावर एका अमिनो ॲसिडचा फरक सोडला तर सेम टू सेम. त्यामुळे आम्ही "फक्त म्यूटेशनचा फरक आहे" असं डोक्यात धरून चाललो. वहीत तसं लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

हे प्रोटीन काढायला सोपं असतं कारण ते उकळलं तरी बिघडत नाही, त्याला मुळात ठरलेला आकारच नाही, सैल दोरीसारखं असतं. बॅक्टेरिया फोडून तो रस्सा चक्क उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचा. दूध नासावं तसं बाकीची सगळी प्रोटीन्स पांढरा चोथा होऊन जातात, सेंट्रिफ्यूज केलं की चोथा खाली आणि वरच्या स्वच्छ पाण्यात आपला माल. मग अमोनियम सल्फेट, मग कॉलम, मग डायलिसिस.

आणि मग जेल. १५ टक्क्यांचं. अल्फा-सिन्यूक्लिनचं वजन साडेचौदा किलोडाल्टन, हे रेणूंच्या वजनाचं माप, पण शेपटीकडे निगेटिव्ह चार्ज खच्चून भरलेला असल्यामुळे जेलवर ते जरा वर, १७-१८ च्या आसपास धावतं, हे सगळ्यांना माहीत असतं. साध्या प्रोटीनच्या लेनमधे तेवढा एकच बँड. ए५३टी च्या लेनमधे तो बँड, आणि शिवाय ३५ च्या जरा वर दुसरा, फिकट पण अगदी सरळ रेघेसारखा.

दुप्पट वजन म्हणजे डायमर. दोन रेणू एकमेकांना चिकटलेले, आणि तेही फक्त म्यूटंटमधे! मॅडमसुद्धा उठून आल्या लाइट बॉक्सपाशी. तीन बॅच केल्या, तिन्हींत बँड. मॅडम म्हणाल्या पोस्टर करूया, मी ॲबस्ट्रॅक्टचा ड्राफ्ट पण लिहिला, त्यात "गोळा होण्याची पहिली पायरी" वगैरे भारी शब्द घातले. थायोफ्लेविनचे रीडिंग घ्यायला सुरुवात केली, म्हणजे प्रोटीन ३७ डिग्रीला हलवत ठेवायचं आणि गुठळ्या झाल्या की डाय चमकतो ते मोजायचं, एकेक रन चार-पाच दिवसांचा. एका गुरुवारी लाइट गेली, पुण्यात गुरुवारी लाइट जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं पण आम्ही रन बुधवारी लावला, तो सगळा वाया. म्हणजे चुकीच्या प्रोटीनवर केलेलं काम नीट जपलं नाही म्हणून हळहळत होतो आम्ही.

आता एक छोटी गोष्ट जी तेव्हा कुणालाच महत्त्वाची वाटली नव्हती. जेलवर सँपल चढवायच्या आधी त्यात लोडिंग डाय टाकतात आणि त्या डायमधे सहसा बीटा-मरकॅप्टोइथेनॉल असतं, बीएमई. ते दोन सिस्टीनमधला, म्हणजे गंधकवाल्या दोन अमिनो ॲसिडमधला, गंधक-गंधक बाँड तोडतं. वास असा की पूर्वी एकदा काका धावत आले होते, "अहो गॅस लीक झालाय का बघा!" तेव्हा सीनियरने डोकं चालवलं, म्हणाला अल्फा-सिन्यूक्लिनमधे सिस्टीन एकही नाही, मग बीएमई हवंच कशाला. बरोबरच होतं त्याचं. माणसाच्या अल्फा-सिन्यूक्लिनमधे खरंच एकही सिस्टीन नाही. तेव्हापासून आमच्या लॅबचा डाय बिनवासाचा.

ऑगस्टच्या मध्यावर आमचा डाय संपला आणि एमएस्सीवाल्या मुलीने शेजारच्या लॅबमधून मागून आणला. संध्याकाळी ती जेल घेऊन माझ्याकडे आली, चेहरा उतरलेला. "दादा, माझ्याकडून काहीतरी चुकलंय, वरचा बँड येत नाहीये."

मी तिला बोललो. सँपल कुठलं घेतलंस, ट्यूब बदलली असशील, मार्कर नीट लावलास का, सगळं विचारून झालं. ती गप्प. मग हळूच म्हणाली, "डाय त्यांचा होता, त्याला वास होता."

तरी मला लगेच पेटलं नाही, हे पण लिहितो. मी म्हटलं अगं यात सिस्टीनच नाही, बीएमईने काय फरक पडणार. यावर ती जे म्हणाली ते वहीत त्या पानाच्या कडेला मी नंतर पेन्सिलने लिहून ठेवलंय: "मग बँड गेला कसा?"

दुसऱ्या दिवशी चार लेनचं जेल. साधं आणि म्यूटंट, दोन्ही बीएमई घालून आणि न घालता. वरचा बँड फक्त एका लेनमधे, म्यूटंट, बीएमईशिवाय. बीएमई घातलं की तो जातो आणि खालचा बँड किंचित जाड होतो. म्हणजे ही दुसऱ्या कुठल्या प्रोटीनची घाण नाही, आपलंच प्रोटीन आहे, दोन-दोन जोडलेलं, आणि जोड गंधकाचा. मॅडमनी डायटायरोसीनची शंका काढली, दोन टायरोसीन, हेही एक अमिनो ॲसिडच, एकमेकांना कायमचे चिकटू शकतात खरे, पण तो जोड बीएमईला दाद देत नाही, त्यामुळे ती शंका तिथेच बाद.

ज्या प्रोटीनमधे सिस्टीन नाही त्यात सिस्टीनचा जोड. मला वाटलं प्लाझ्मिडच चुकीचं आलंय. पुन्हा सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला, पाठवलं, दोन्ही बाजूंनी. क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्या वाचनाचा आलेख, आला तर एकदम स्वच्छ, ५३ वर एसीए, त्याच्या लगेच पुढे ५४ चा थ्रिओनिन तोही एसीए, म्हणजे एसीए-एसीए अशी जुळी शिखरं, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीजीसी नाही, टीजीटी नाही. सिस्टीनचे दोनच कोडॉन, दोन्ही गायब. डीएनए म्हणतोय सिस्टीन नाही, जेल म्हणतंय आहे. इथे आठवडाभर आम्ही नुसते एकमेकांची तोंडं बघत होतो.

मग मास स्पेक, म्हणजे रेणूचं वजन अचूक मोजणारं मशीन. ते आमच्याकडे नाही, दुसऱ्या संस्थेत नंबर लावला, मधे गणपती आले, विसर्जनाच्या आदल्या दिवशी सँपल द्यायला निघालो तर निम्मे रस्ते बंद, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षात पाऊण तास. रिपोर्ट दहा दिवसांनी आला. साध्या प्रोटीनचं वजन १४४६० डाल्टन असतं. अलानिनचा थ्रिओनिन झाला की ३० वाढतात, म्हणून ए५३टी चं १४४९०. आमच्या सँपलमधे १४४९० चं मोठं शिखर होतं, आणि बाजूला एक बुटकं, १४४३० वर.

मुलगी म्हणाली साधं प्रोटीन मिसळलं असेल का, ३० चाच फरक आहे. बघा, शंका चांगली होती, फरक ३० चाच होता, पण उलट्या बाजूला. साधं १४४६० आणि हे त्याहूनही ३० ने हलकं. म्यूटंटपासून मोजलं तर बरोबर ६० कमी. मग व्हाइट बोर्डवर वीस अमिनो ॲसिडची वजनं लिहिली आणि वजाबाक्या करत बसलो, कुठल्याचं काय झालं तर ६० जातात. टायरोसीन १६३, सिस्टीन १०३. बोर्डवर ते दोन आकडे खाली-वर आले तेव्हा मॅडम नुसत्या "अरे देवा" म्हणाल्या.

कुठल्यातरी टायरोसीनच्या जागी बॅक्टेरिया कधीकधी सिस्टीन बसवतोय. खात्रीसाठी एलमन रिएजंटची टेस्ट केली, मोकळं गंधक सापडलं की ते पिवळं होतं. प्रोटीन आधी डीटीटीने, तेही बीएमईसारखं गंधकाचा जोड तोडतं, सोडवून घेतलं, डीटीटी डीसॉल्टिंग कॉलमवर नीट काढून टाकलं कारण तेच पिवळं करेल, आणि मग रिएजंट. साध्या प्रोटीनची ट्यूब पाण्यासारखी. म्यूटंटची अगदी फिकट पिवळी, पाहुणे वाढल्यावर पाणी घालून पुरवलेल्या लिंबू सरबतासारखी. ५० मायक्रोमोलर प्रोटीनला ४१२ नॅनोमीटरवर ०.११, म्हणजे साधारण ८ मायक्रोमोलर गंधक, म्हणजे दर सहा-सात रेणूंत एक सिस्टीनवाला.

इथे आल्यावर मग कुठे आम्ही जुने पेपर धुंडाळायला बसलो, जे जूनमधेच करायला हवं होतं. २००६ मधेच एका जपानी ग्रुपने हे छापून ठेवलंय, माणसाचं अल्फा-सिन्यूक्लिन ई. कोलायमधे बनवलं की १३६ नंबरच्या टायरोसीनच्या जागी काही रेणूंत सिस्टीन जातो, त्यांना सुमारे २० टक्के सापडला होता. उपायही दिलाय, १३६ चा कोडॉन टीएसी आहे तो टीएटी करा. दोन्ही टायरोसीनचेच कोडॉन, अर्थ तोच. आमचा सिक्वेन्स उघडून बघितला, अल्फा-सिन्यूक्लिनमधे टायरोसीन चार, ३९, १२५, १३३ आणि १३६. पहिले तिघे टीएटी. चौथा एकटा टीएसी. सिस्टीनचा टीजीसी आणि हा टीएसी यात फक्त मधल्या अक्षराचा फरक, आणि सिस्टीन घेऊन फिरणारा टीआरएनए तिथे चुकून शिरतो. आणि आमचं जे साधं प्लाझ्मिड होतं, सिंथेटिक, त्यात कोडॉन बदलताना कंपनीच्या सॉफ्टवेअरने १३६ ला आपसूक टीएटी टाकला होता. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. म्हणजे आमच्या दोन प्लाझ्मिडमधे फरक एक नव्हता, दोन होते, आणि बँड दुसऱ्या फरकाचा होता. आम्ही तो पहिल्याच्या खात्यावर लिहून मोकळे.

पण हे सगळं अजून तर्कच होतं, म्हणून मॅडम म्हणाल्या नुसता म्यूटंट दुरुस्त करून चालणार नाही, चौकडी करा. त्यांचं बरोबर होतं, मला तेव्हा कंटाळा आला होता ही गोष्ट वेगळी. चौकडी म्हणजे त्याच आलेल्या प्लाझ्मिडवरून चार रिंगा: साधं आणि ए५३टी, दोन्ही टीएसी मधे आणि दोन्ही टीएटी मधे. प्राइमर, म्हणजे हवा तो बदल लिहिलेले डीएनएचे छोटे तुकडे, मागवले, पीसीआरने अख्खी रिंग वाढवली, मूळ रिंग डीपीएन१ ने खाऊन टाकली, ते एन्झाइम फक्त बॅक्टेरियाकडून आलेला मिथाइलवाला डीएनए कापतं, पीसीआरचा नवा सोडून देतं. साध्यावर परत आणलेल्या कॉलनी ओळखायला एक युक्ती सापडली, ए५३टी च्या त्या एका अक्षराने जीटीजीएसी असा तुकडा तयार होतो आणि तो टीएसपी४५आय एन्झाइम कापतं, साध्यात त्या जागी जीटीजीजीसी असतं, तिथे कापत नाही. जीनचा पीसीआर, एन्झाइम, जेल, एका दुपारचं काम, मग फक्त निवडक कॉलनी सिक्वेन्सिंगला. टीएटी च्या चारपैकी तीन कॉलनी बरोबर निघाल्या. नव्या रिंगांची नोंद जैवसुरक्षा समितीच्या रजिस्टरला गेली, तिथल्या बाईंनी "चारही सारख्याच दिसतायत की" म्हणून फॉर्म एकदा परत पाठवला, त्यांना दोष कसा देणार.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी चारही प्रोटीन एका जेलवर, एकाच दिवशी उकळलेली, डाय आमचा बिनवासाचा. जेल डीस्टेन होईपर्यंत मुलगी दर दहा मिनिटांनी डबा हलवायला जात होती, निळं पाणी फिकं होत गेलं तसे बँड वर आले. टीएसी च्या दोन लेनमधे वरचा बँड, ए५३टी मधे आणि साध्यातसुद्धा. टीएटी च्या दोन लेन साफ. म्यूटेशनचा त्या बँडशी काडीचा संबंध नव्हता.

पोस्टरचा ॲबस्ट्रॅक्ट मागे घेतला, सुदैवाने मुदतीत होतो. थायोफ्लेविनचे जुने रन वहीत लाल पेनाने कापले, नऊ होते, आणि टीएटी वाल्यांवर पहिल्यापासून सुरू केले, शुक्रवारी लावून बुधवारी काढायचे म्हणजे गुरुवार मधे येत नाही. ए५३टी साध्यापेक्षा लवकर गोळा होतंच, जगाला पंचवीस वर्षं माहीत आहे तसं, फक्त आमचा वक्र आता तीन रनमधे एकावर एक बसतो, आधी तो दर वेळी वेगळीकडे जायचा आणि आम्ही पिपेटला शिव्या घालायचो. डायमर किती झालाय हे त्या त्या सँपलला हवा किती लागली यावर ठरत होतं, मग वक्र जागेवर कसा राहणार. बीएमईवाला डाय परत सुरू केलाय आणि दर बॅचचं एक सँपल बीएमईशिवाय पण चालवतो. काकांना आधी सांगून ठेवलंय.

ज्या ग्रुपने प्लाझ्मिड दिलं होतं त्यांना मी रीतसर मेल केला, चारही लेनचा फोटो, मास स्पेकचा रिपोर्ट, पेपर, अगदी नम्रपणे, की तुमच्या रिंगेत १३६ ला टीएसी आहे, तुमच्याकडेही हा त्रास होत असेल तर टीएटी वालं प्लाझ्मिड आम्ही पाठवू शकतो. दोन दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं. हो, माहीत आहे, आम्ही नेहमी डीटीटी घालतो.